तुझ्या रक्तावर ओके

दादा, काल घाटावर तुझ्या दहाव्याला पाच जणांनी भाषणं केली. पहिल्या दोघांनी तुला 'मनमिळाऊ' म्हटलं. तिसऱ्यानं तुझं नावच चुकवलं, मग मागनं कुणीतरी ओरडून दुरुस्त केलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास. कुरुळीच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. पोरांनी मोबाइलमधला हाताला लागेल तो फोटो दिला, त्यात तू काळा गॉगल लावून मोटरसायकलला टेकून उभा आहेस. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि वर तुझा गॉगल. मी बदलायला सांगणार होते, पण वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, त्यांना आवडायचा."

शेवटी माइकवाल्यानं माझं नाव पुकारलं. "आपल्या गावाची लेक, शास्त्रज्ञ नंदाताई दोन शब्द बोलतील." मी उठलेच नाही. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख तर होतंच रे, पण पाय हलले नाहीत ते भीतीनं. त्याआधी तासभर वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, खरं सांगा. तुमचं ते औषध दिलं असतं तर हे वाचले असते का?" मी म्हटलं, "उद्या सांगते." उद्या म्हणजे आज.

सकाळचे नऊ वाजलेत. ताथवड्याच्या आमच्या लॅबमध्ये माझ्या टेबलापाशी बसून हे लिहितेय. अकरा वाजता चार माणसांचं रक्त घ्यायचंय आणि दुपारपर्यंत कळेल की तुला औषध नाकारलं ते बरोबर केलं की तुझा जीव मी हातानं घालवला. माझी पाचावर धारण बसलीय. हात मोकळे राहिले तर वेड लागेल, म्हणून तुझ्याशी बोलत बसलेय.

तुला पहिल्यांदा इथं आणलं ते आठवतं? चार वर्षं झाली. पहिली शिफ्ट संपवून चाकणहून थेट आलास, युनिफॉर्मला तेलाचा वास, आणि दारातच बूट काढून उभा. "देवळात आलायस काय?" मी म्हटलं. तर म्हणालास, "एवढं चकचकीत हाय म्हणून काढले." मग तुला आमचं काम समजावून सांगितलं. बेडकाच्या कातडीत, आपल्या घामात, आतड्यात शरीरानंच केलेली बारकी प्रथिनं असतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. वीसेक मण्यांची माळ समज. ती जंतूला चिकटते आणि त्याचं कातडंच फाडते. नेहमीच्या गोळ्यांना जंतू सरावलेत, पण कातडं फाडणाऱ्याला सरावणं त्यांना जड जातं. अडचण एकच. निसर्गातली माळ आहे तशी घेतली तर ती आपल्याही रक्तपेशी फोडते. म्हणून आम्ही एकेक मणी बदलत बसतो. इथला तेलकट मणी काढ, तिथं कमी तेलकट घाल, एखादा उलटा बसव, म्हणजे शरीरातले रस ती माळ लगेच तोडणार नाहीत.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हंजे तण जळावं अन् पीक ऱ्हावं, असं तणनाशक." मी कॉलेजात याच्यावर तासभर बोलते, आणि तू एका वाक्यात संपवलंस. मला तेव्हा जरा रागच आला होता.

पीक राहतं का हे बघायला माणसाचं रक्त लागतं. लाल पेशी मिठाच्या पाण्यात घ्यायच्या, त्यात आमची माळ सोडायची, तासभर अंगाएवढ्या उबेत ठेवायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. पेशी शाबूत असल्या तर तळाला कुंकवासारखी टिकली बसते आणि वरचं पाणी निवळ राहतं. फुटल्या तर पाणी लाल. रक्त देणारे आमच्या यादीत तिघं होते. एक बंगळूरला गेला, एकीला दिवस गेले. उरलास तू. नवीन माणसं घ्यायची तर पुन्हा परवानगीच्या समितीपुढं जा, फॉर्म भरा, मी कंटाळा केला. आणि खरं सांगू? नुसता कंटाळा नव्हता. तुझ्या शिफ्टा, माझं ताथवडे, तुझा ओव्हरटाइम. राखी आणि भाऊबीज सोडली तर भेट नाही. रक्ताच्या निमित्तानं महिन्यातून एक गुरुवार तू माझ्यासमोर अर्धा तास बसायचास, बाही वर करून. दुसरं कुणी आलं असतं तर तुझं येणं सुटलं असतं.

किती बडबड करायचास रे त्या अर्ध्या तासात! प्रेस शॉपमधल्या भानगडी, तुझ्या लेकीची, आर्याची बारावी, वहिनीनं लपवून ठेवलेला तुपाचा डबा. नळ्या फिरून बाहेर आल्या की माझ्याआधी तूच वाकून बघायचास. "ह्ये रिजेक्ट. ह्ये बी रिजेक्ट. आगं नंदे, तुझ्या लाइनला रिजेक्शन लई हाय!" आणि ज्या दिवशी चौसष्ट नंबरची माळ आली, वरचं पाणी विहिरीसारखं निवळ, त्या दिवशी तू इतक्या मोठ्यानं "ओके!" ओरडलास की शेजारच्या टेबलावरची प्रज्ञा दचकली. जाताना सगळ्यांना भेळ खायला घातलीस. मी त्या दिवशी संडासात जाऊन रडले होते, आनंदानं. तुला कधी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी तू ते विचारलंस.

"नंदे, एक इचारू? समदं माझ्याच रक्तावर बगतीस व्हय?"

"मग?"

"आमी पत्र्याच्या एका कॉइलवर डाय, म्हंजे साचा, ओके म्हनत न्हाई. दुसरी कॉइल आली की पत्रा जरा जाड-पातळ निघतो, अन् पीसला चीर जाती. दोन-तीन कॉइली चालवून बगाव्या लागत्यात."

मी काय म्हणाले ते मला पाठ आहे. "दादा, तू पत्रे बघ. रक्ताचं मी बघते." तू हसलास, बाही खाली केलीस आणि आर्याच्या क्लासची गोष्ट काढलीस. मला वाटलं, विषय संपला. दहावी नापास भाऊ आणि पीएचडी बहीण, असा तोरा होता माझ्या बोलण्यात. तो तुला कळला होता, आणि तू गिळलास.

मग ती पोटरीची जखम. पत्र्याची कड लागली, कंपनीतच पट्टी बांधली, लाइनला माणूस नाही म्हणून तशीच दुसरी शिफ्ट केलीस. दवाखान्यात गेला नाहीस. तुम्ही भाड्यानं दिलेल्या खोल्यांमधल्या पोरांकडं उरलेल्या गोळ्या होत्या, कुणाच्या दाताच्या, कुणाच्या घशाच्या, त्यातल्या तीन खाल्ल्यास आणि 'बरं वाटतंय' म्हणून थांबलास. मी फोनवर काय कमी बोंबलले का? "अर्धवट गोळ्या खाऊन जंतूला शिकवणी लावतोस तू! घरात मी हेच काम करते आणि माझाच भाऊ असा!" तू म्हणालास, "बरं बाय, चुकलं." फोन ठेवताना तू हसत होतास.

पुढच्या गुरुवारी लंगडत आलास. हात धरला तर गरम लागला. "ताप आहे का?" "न्हाई गं, उन्हातनं आलोय." आणि मी तुझं रक्त घेतलं. ऐक दादा, हे मी अजून कुणाला सांगितलं नाही. तापलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं नसतं, हे आमच्या नियमांच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पण उंदरांच्या चाचणीआधीची शेवटची तपासणी राहिली होती, म्हणून घेतलं. तिथनंच तुला गाडीत घालून दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी तुला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला तेव्हा तू भलतंसलतं बडबडत होतास.

पिंपरीच्या दवाखान्यात तुझा जंतूचा रिपोर्ट हातात आला. औषधांची यादी, आणि जवळजवळ प्रत्येकापुढं तेच अक्षर, R. R म्हणजे चालत नाही. असे कागद मी दुसऱ्यांचे शेकड्यानं बघितलेत, भाषणात पडद्यावर दाखवलेत. त्याच्यावर तुझं नाव, वय, बेड नंबर असं कधी बघितलं नव्हतं. एकच जुनं औषध चालत होतं, आणि ते मूत्रपिंड खाणारं. दोन दिवसांत तुझी लघवी कमी झाली. डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं आणि ते आमच्या डोळ्यांत बघायचं टाळत होते.

मी डॉक्टरांना रीतसर पत्र देऊन तुझ्या जखमेतला जंतू लॅबमध्ये आणला. त्याला चौसष्ट घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर जंतू पार मेलेला. एक शिल्लक नाही. आणि मग मी मूर्खपणा केला. तुझ्याकडं धावत आले आणि तोंडातनं निघून गेलं, "दादा, तुझा जंतू मेला! आमच्या चौसष्टनं मारला!"

तू मास्क बाजूला केलास.

"मग दे की."

"तसं नाही देता येत."

"का? तुझ्याकडं हाय ना?"

होतं. उंदरांसाठी मोठा घाणा नुकताच काढला होता. माणसाला दोन-तीन दिवस पुरला असता. तेच मला खात होतं.

"दादा, ते अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही."

"मग मी तुझा उंदीर. माझ्याच रक्तावर ओके केलंयस की चार वर्षं."

"नळीत आणि माणसात फरक असतो रे."

 मग विचारलंस, "भितीस व्हय?"

"भिते."

"मग ऱ्हाऊ दे," असं म्हणून तू मास्क परत लावलास. आपलं शेवटचं नीट बोलणं ते. मी तुझ्याशी नियमांवर, परवानग्यांवर वाद घालायला तयार होऊन आले होते, आणि तू वादच घातला नाहीस. तुला वाटलं असेल की मी नोकरीला, पोलिसांना भ्याले. नाही रे. सुई माझ्या हातात असताना तुझं रक्त तुझ्या अंगात फुटेल, याला भ्याले. जंतूनं मारलं तर ते नशीब म्हणता येतं. मी मारलं असतं तर आईला, वहिनीला, आर्याला कुठल्या तोंडानं सामोरी गेले असते?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तुला रक्त चढवायचं होतं. "तुमच्या भावाला थॅलेसेमिया मायनर आहे, माहीत होतं का?" म्हणाले. त्रास काही नसतो, जन्मभर कळतही नाही, फक्त लाल पेशी जन्मतःच लहान आणि रक्त थोडं कमी. तुला कंपनीच्या तपासणीत दरवेळी 'रक्त कमी' म्हणून लोहाच्या गोळ्या द्यायचे. मी तुला चहा कमी कर, पालेभाजी खा म्हणून ओरडायचे. चार वर्षं महिन्याला तुझं रक्त हातात घेऊन मी एकदाही त्याची पुरती तपासणी केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अशा पेशी फुटायला चिवट असतात, दादा.

आणि देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला आधी तू आठवला नाहीस. माझा आलेख आठवला. चौसष्ट नंबरच्या माळेपुढं काढलेली ती सरळ रेघ, ती माळ चांगली म्हणून सरळ आली की तुझ्या पेशी चिवट म्हणून? तू आत मरणाशी झुंजत होतास, आणि मी तुझ्या कॉइलचा विचार करत होते. मग तू आठवलास. मग असं वाटलं की बरं झालं, दिलं नाही. त्या 'बरं झालं'ला धरून मी पुढचे चार दिवस काढले. तुझ्यापाशी बसले, पाय चेपले, पण तुझं म्हणणं बरोबर निघालं हे सांगितलं नाही. तू शुद्धीत होतास तेव्हा मला लाज वाटत होती, आणि नंतर तू शुद्धीत नव्हतास.

अकरा वाजत आले. प्रज्ञा हाका मारतेय. रक्त देणार आहेत ती प्रज्ञा, आमचे सर, ऑफिसातल्या मॅडम आणि मी. चौघांचीही पुरती तपासणी झालीय, पेशी नेहमीसारख्या आहेत. दादा, माझी अवस्था बघ. पाणी निवळ राहिलं तर औषध खरंच चांगलं, आणि मग मी ते असूनही तुला दिलं नाही असं होईल. पाणी लाल झालं तर चार वर्षं मातीत. तरी मी लाल मागतेय. देवाकडं हात जोडून, माझंच औषध वाईट निघू दे म्हणून.

हे इथवर सकाळी लिहिलं. आता साडेचार वाजलेत.

चारही नळ्या लाल. कमी-जास्त नाही, चारही. जंतू मारायला जेवढं लागतं तेवढ्यालाच लाल. सर माझ्या मागं उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वेळेत कळलं हे बरं झालं. नव्यानं सुरू करू." मला हायसं वाटलं, दादा.  मी बरोबर होते. तुला दिलं असतं तर तू माझ्या हातानं गेला असतास. मी डोळे पुसले आणि वहिनीला फोन लावला.

रिंग जात होती. तुलना लिहायची म्हणून मी तुझ्या रक्ताच्या नोंदींची वही पुढं ओढली आणि पानं उलटली. निवळ. निवळ. निवळ. तीच माळ, तेच माप, चौसष्टच्या पहिल्या गुरुवारपासून तापलेल्या त्या शेवटच्या गुरुवारापर्यंत. आणि तेव्हा लक्षात आलं. लाल झालं ते या चौघांच्या रक्तात. तुझ्या रक्तात कधीच झालं नव्हतं. चार वर्षं तुझ्या रक्ताचं माप घेऊन मी मणी बदलत गेले, तुझ्या रक्ताला सोसेल तो ठेवला, न सोसेल तो काढला. जगातल्या बाकी कुणाच्या कामाचं ते औषध नाही. तुला ते चाललं असतं. निदान तुझं रक्त तरी फुटलं नसतं.

मूत्रपिंडाचं काय झालं असतं, काळजाचं काय, ते कुणीच सांगू शकत नाही. शास्त्रज्ञ म्हणून मी हे दहा वेळा सांगेन. बहीण म्हणून मला ते पुरत नाही.

"बोला ताई," वहिनी म्हणाली. मागं कुकरची शिट्टी झाली.

खोटं बोलावं असं मनात आलं. जमलं नाही. मी सगळं सांगितलं, तुझ्या लहान पेशी, चार लाल नळ्या, तुझी वही. "वहिनी, बाकी कुणाला चाललं नसतं. दादाला कदाचित चाललं असतं."



"मग दिलं का न्हाई, ताई?"

"भ्याले."

ती रडायला लागली. मीही. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं नाक पुसल्याचा आवाज आला, गॅस बंद केल्याचा आला. मग म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी आर्याचं रक्त तपासाया सांगितलं होतं ना? दुपारीच रिपोर्ट आलाय. बापावानीच हाय म्हनले. काळजीचं कारन न्हाई म्हनले, पर बापावानीच हाय."

"वहिनी, त्यानं काही होत नाही. घाबरू नका."

"मी न्हाई घाबरले. ते औषध टाकून देऊ नका. पोरीपुरतं ठेवा."

मी 'ठेवते' म्हणाले आणि फोन बंद केला.  चौसष्टची बाटली फ्रीजमध्येच आहे, काढलेली नाही. आर्याला काही होऊ नये. पण कधी झालंच, आणि तिनं मागितलं, तर तेव्हाही ते माणसाला कधी दिलेलं नसेल, आणि मी आजच्याएवढीच भित्री असेन. तू वाद घातला नाहीस रे. ती माझ्यासारखी तोंडाळ आहे. "आत्या, बाबांना का दिलं नाहीस?" हे विचारल्याशिवाय ती राहायची नाही.